तिरळ्या गोबऱ्याचे पेंटरबाबा

पेंटरबाबांना विनोद सांगता यायचा नाही, कारण तो सुचल्याबरोबर आधी तेच हसायला लागायचे. आणि हसायचे म्हणजे नुसते तोंडानं नाही. आधी खांदे हलायचे, मग पोट, आणि शेवटी हातातला ब्रश. ज्या माणसाचं पोट ब्रशवर चालतं त्यानं हसताना तरी तो खाली ठेवावा की नाही? पण ते त्यांना उभ्या आयुष्यात जमलं नाही. वसईच्या पश्चिमेला आमच्या गावात आणि आजूबाजूच्या चार गावांत त्यांनी रंगवलेल्या पाट्या, होड्या, पुतळे आहेत, त्यांत कुठं एखादं अक्षर नाहीतर एखादी भुवई उडालेली दिसते. समजायचं, इथं बाबांना काहीतरी सुचलं होतं.

त्यांचं बाप्तिस्म्याचं नाव चर्चच्या वहीत असेल, आम्हाला ठाऊक नव्हतं. मोठे त्यांना पेंटर म्हणायचे आणि आम्ही पेंटरबाबा. देवळाकडे, म्हणजे आमच्या चर्चकडे, वळणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या घराची पडवी होती, तेच त्यांचं दुकान. फ्लेक्स आला आणि दुकानांच्या पाट्यांचं काम गेलं, पण बाबांनी त्याचं सुतक पाळलं नाही. "फ्लेक्सवाल्याला सांग, सेंट जोसेफचं नाक दुरुस्त करून दे," असं म्हणून ते पुन्हा हसायचे आणि समोरच्या सेंट जोसेफच्या नाकावर एक ठिपका जास्तीचा पडायचा.

गोबऱ्याचा जन्म असाच झाला. गावचा सण जवळ आला होता आणि मोठ्या अल्तारावरच्या, म्हणजे वेदीवरच्या, देवदूतांना नवा रंग द्यायचा होता. सणाच्या आदल्या संध्याकाळी बाबा शिडीवर चढून शेवटच्या देवदूताचे डोळे काढत होते. खाली कॉयरची प्रॅक्टिस चालली होती, आणि एक गृहस्थ वरचा सूर लावता लावता मध्येच शिंकले. पण सूर सोडायचा नाही म्हणून तो त्यांनी शिंकेतूनच पुढे नेला. बाबा हसले. देवदूताचं बुबुळ सरकलं ते नाकाच्या शेंड्याकडे बघत बसलं. दुसऱ्या दिवशी सगळं गाव मिस्सेला, सणाच्या प्रार्थनेला. फादर प्रवचन देतायत आणि लोक त्यांच्या डोक्यावरून वर बघून ओठ दाबतायत. मिस्सा संपल्यावर फादरनी विचारलं, तर बाबा म्हणाले, "फादर, हात हलला. पण तो वाईट नाही. त्याला फक्त घाई आहे."

कसली घाई, ते त्यांनी पुढच्या रविवारी दाखवलं. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर चार चौकटींचं एक रंगीत चित्र काढून पडवीबाहेरच्या फळ्यावर टाचलं होतं. त्यात तोच तिरळा देवदूत. गोबरे गाल, बाहेर आलेलं पोट, एका पंखाला डॉक्टरी पट्टी आणि व्हॅलेंटाइनच्या कार्डावर असतं तसलं धनुष्य. नाव गोबऱ्या. त्याचं काम एकच, लोकांची लग्नं जुळवायची, आणि तेवढंच त्याला येत नव्हतं. पहिल्याच चित्रात तो बसस्टॉपवरच्या मुलामुलीवर नेम धरतो आणि बाण लागतो तो कंडक्टरला आणि म्हावरेवालीच्या टोपलीतल्या पापलेटाला. शेवटच्या चौकटीत पापलेट कंडक्टरकडे बघून लाजतंय आणि कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट फाडतोय.

काय सांगू, त्या दिवसापासून आमच्या गावाचा रविवार बदलला. मिस्सा संपली की पूर्वी लोक रेंगाळायचे, आता पळायला लागले. फळ्यासमोर ही गर्दी. पुढचे मागच्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे, मागचे "आधी सांगू नका" म्हणून ओरडायचे. पोरं मोबाइलवर फोटो काढायची आणि पाच मिनिटांत गोबऱ्या कुवेतला, कॅनडाला, मनवेलपाड्यातल्या भावंडांकडे पोचलेला असायचा. माझा कुवेतचा मामेभाऊ दर रविवारी फोन करायचा आणि ख्यालीखुशाली विचारायच्या आधी म्हणायचा, "तिसऱ्या चौकटीतली बाई कोण ते सांग पहिलं."

कारण खरी मजा तिथंच होती. बाबा कुणाचं नाव घालत नसत, पण गाव आपणहून ओळखायचं. एकदा गोबऱ्याला वरून हुकूम येतो: क्रुसापासून तिसरं घर. आता आमच्या गावाला दोन्ही वेशींवर क्रूस आहे. गोबऱ्या घाईत उलट्या बाजूनं मोजतो आणि जिथं बाण मारतो तिथं एक ऐंशी वर्षांच्या आजीबाई कैरी चिरत बसलेल्या असतात. आठवडाभर दोन्ही टोकांच्या तिसऱ्या घरांत हसून हसून जेवण गेलं नाही. आणखी एकदा बाण केळीच्या लोंगरात अडकला, आणि त्यातलं केळं जो खाईल तो विकणाऱ्याच्या प्रेमात, म्हणून तुळिंजच्या बाजारात एका दाढीवाल्या केळेवाल्यामागे ही रांग लागली.

पाचूबंदरची हिराबाय कोळीण तर बाबांना भेटायला रिक्षा करून आली होती. तिच्या होडीचं नाव बाबांनी रंगवलं आणि नावाशेजारी तिच्याच हट्टावरून बाण ताणलेला गोबऱ्या काढला. पण नांगरलेली होडी पाण्याबरोबर फिरते, आणि तिच्याबरोबर बाणाचं टोकही. हिराबाय पडवीत बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "पेंटर, तुजा पोरगा भरतीला बोलतो शेजाऱ्याचा पोऱ्या कर, ओहटीला बोलतो बर्फवाला कर. माजी पोरगी देऊ कोनाला?" बाबांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "आणि पाणी थांबतं तेव्हा?" ती म्हणाली, "पानी थांबला का तो माज्याकंच बगतो. मना कशाला नवरा आता?" बाबा हसले, हातात कुणाच्या तरी रिक्षाचा नंबर होता, त्यातल्या सातचा नऊ झाला.

असं दोन-तीन वर्षं चाललं. योगायोगानं गोबऱ्याच्या चित्रात ओळखलेल्या दोन जोड्यांची लग्नं खरंच झाली, आणि लोकांना वाटायला लागलं की पेंटरला काहीतरी कळतं. बायका पडवीवरून जाताना मुद्दाम थांबायच्या आणि आपल्या भाचीचा फोटो दाखवून "काही सुचतंय का बघ" म्हणायच्या. बाबा नाही म्हणायचे नाहीत. त्यांनाही ते आवडत होतं, हे मी त्यांच्यावरच्या सगळ्या मायेसकट लिहिते.

आणि मग एका रविवारी फळ्यावर मी होते.

म्हणजे एक लाल छत्रीवाली बाई होती. मी तेव्हा तुळिंजच्या एका शाळेत शिकवत होते, एकतीस वर्षांची होते, आणि ऊन असो पाऊस असो माझ्या हातात लाल छत्री असायची. चित्रात समोरून एक तरुण लाल स्कूटरवरून येतो. गोबऱ्याचा बाण छत्रीतून आरपार जाऊन स्कूटरच्या सीटमध्ये रुततो, आणि शेवटच्या चौकटीत स्कूटर, छत्री आणि बाई एकामागून एक देवळाच्या दिशेनं निघालीयत. गावात लाल स्कूटर एकाचीच होती. सावियोची. मला कुणी काही विचारलं नाही, नुसत्या टाळ्या वाजल्या. बुधवारी सावियोची आई केक घेऊन आमच्या घरी हजर. माझी मम्मी, जिनं पप्पा गेल्यापासून मोठ्यानं हसणं सोडलं होतं, ती त्या दिवशी शेजारीपाजारी केक वाटत फिरली.

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मलाही मजा वाटत होती. गाऊनचं माप, हॉलचं बुकिंग, नाचणाऱ्या मावश्या, सगळं गाव माझ्याशी गोड बोलतंय. सावियो भला माणूस होता. रोज दुपारी त्याचा फोन यायचा. "जेवलीस?" मी म्हणायची हो. "काय जेवलीस?" मी भाजी सांगायची. "बरं," म्हणायचा, आणि मग आम्ही दोघं फोन कानाला लावून पंख्याचा आवाज ऐकत बसायचो. मी काहीबाही विषय काढायची, तो सगळ्याला "बरं" म्हणायचा. महिनाभरानंतर माझ्या लक्षात आलं की फोन वाजला की मी तो लगेच उचलत नाही, आधी दोन-चार कामं शोधते.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मिस्सेत वधूवरांची नावं पुकारतात आणि फादर सांगतात की कुणाला या लग्नाबद्दल हरकत असेल तर कळवावी. पहिल्या रविवारी माझं नाव ऐकलं तेव्हा वाटलं, ही दुसरीच कोणी. दुसऱ्या रविवारी कळलं की ही मीच आहे, आणि उठून पळावंसं वाटलं. पण सांगणार काय? मुलगा दारू पीत नाही, आईला सांभाळतो, रोज जेवणाची चौकशी करतो. नाही म्हणायला कारण लागतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं एकही कारण नव्हतं.

सोमवारी शाळेतून परतताना मी तडक पडवीत गेले. बाबा सेंट अँथनीच्या बाहीला रंग देत होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही मला का काढलंत?"

"तुला? कधी?"

"लाल छत्री."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. मी त्यांना तसं करताना पहिल्यांदाच बघत होते. "अगं, तांबड्या रंगाच्या डब्याचं झाकण हरवलं होतं. वाळून जाईल म्हणून जिथं जागा दिसेल तिथं तांबडा लावत होतो. छत्रीला लावला, उरला तो स्कूटरला लावला. देवाशपथ सांगतो, तू माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतीस."

एका हरवलेल्या झाकणानं माझं लग्न ठरवलं होतं. मला हसूच आलं, पण बाबा हसले नाहीत. माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "तुला तो हवाय का नकोय?"

दोन महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मम्मीनं नाही, फादरनी नाही, सावियोनं नाही, मी स्वतःलाही नाही. मी म्हटलं, "नको म्हणायला काही कारण नाही, बाबा." ते म्हणाले, "कारण दुसऱ्यांना लागतं. मला नको. हवा का नको, एवढंच सांग." मी "नको" म्हटलं आणि त्या पडवीत, टर्पेंटाइनच्या वासात, ढसाढसा रडले.

त्यांनी मला रडू दिलं. मग सेंट अँथनीच्या बाहीवरचा रंग फडक्यानं पुसून दाखवत म्हणाले, "ओला आहे तोवर हा असा निघतो. वाळला की पत्र्यानं खरवडावा लागतो, आणि मग खालचं लाकूडही निघतं. तुझा अजून एक रविवार बाकी आहे." जाताना त्यांनी मला आणखी एक विचारलं: "गोबऱ्याकडून बोलू का? तू नको म्हणालीस तर नाही बोलणार." मी म्हटलं, बोला.

शनिवारी संध्याकाळी फळ्यावर नवं चित्र होतं. गोबऱ्या देवळाच्या झुंबरावर बसलाय. खाली फादर म्हणतायत, कुणाची हरकत असेल तर कळवावी. गोबऱ्या विचारतो, "फादर, हरकत कोण घेऊ शकतं?" फादर म्हणतात, "कोणीही." गोबऱ्या विचारतो, "नवरीसुद्धा?" चौथ्या चौकटीत फादर डोकं खाजवतायत आणि शब्द एकही नाही. लोक पोट धरून हसले. मी घरी जाऊन मम्मीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "हॉल ठरलाय." मी म्हटलं, "हॉल दुसऱ्या कुणाला मिळेल, मम्मी. मला दुसरं आयुष्य कोण देणार आहे?" सकाळी मिस्सेच्या आधी मी सावियोच्या घरी गेले आणि त्याला तोंडावर सांगितलं. तो "बरं" म्हणाला. ते "बरं" मात्र मला फार लागलं. तिथून फादरकडे गेले.

तिसऱ्या रविवारी दुसऱ्या एका जोडप्याची नावं पुकारली आणि फादरनी कागद मिटला. देवळातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझी पाचावर धारण बसली होती, आणि तरी सांगते, इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. मम्मी सरळ अल्ताराकडे बघत होती. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही, पण त्या दिवशी बाकावरून उठून दुसरीकडे बसलीही नाही.

सावियोची आई गेली ती पडवीत. सगळ्या गावासमोर बाबांना नको नको ते बोलली. "तुमच्या त्या तिरळ्यानं माझ्या पोराचं नाव गावभर केलं." बाबांना एका वाक्यात सुटता आलं असतं, पोरीनंच नको म्हटलं, मी काय करू, असं सांगून मोकळं होता आलं असतं. ते म्हणाले, "चूक माझी आहे, बाई. हात हलला." आणि तिच्यादेखत फळा उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

त्यानंतर दोन वर्षं गोबऱ्या आला नाही. लोकांनी विनवण्या केल्या, कुवेतहून फोन आले, हिराबाय बोंबील घेऊन आली, पण बाबा ढिम्म हलले नाहीत. बेकरीच्या रांगेत मला ऐकवलं जायचं, "टीचर, तुमच्यामुळं रविवार आळणी झाला." मी माफी मागायला गेले तर बाबा म्हणाले, "तुझं काय चुकलं? मी नुसती चित्रं काढत होतो तोवर ठीक होतं. पण पेंटर जोड्या लावतो असं लोकांना वाटायचं, आणि हळूहळू मलाही वाटायला लागलं. त्यात तो पोरगा दुखावला. तो म्हणेपर्यंत गोबऱ्या नाही."

मग एका रविवारी फादरनी सावियोचं नाव पुकारलं, आगाशीच्या एका मुलीबरोबर. पाठोपाठ ते नेहमीचं वाक्य आलं: कुणाची हरकत असेल तर. सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. मी हात जोडून मान हलवली, की बाबांनो, माझी काही नाही. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक दाबलेलं हसू खोकल्यासारखं फुटलं. बाबांचं. ते ऐकून सावियोच हसला, मोठ्यानं, आणि मग सगळं देऊळ. फादर चष्मा पुसत होते.

बाहेर आल्यावर सावियो सरळ बाबांकडे गेला. "बाबा, लग्नात गोबऱ्या पाहिजे. फक्त स्कूटर काढू नका." मग दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे वळला आणि थोडा अडखळून म्हणाला, "जेवलीस?" सकाळचे आठ वाजले होते. मी म्हटलं, "अजून नाही, सावियो. घरी जाऊन जेवते." आणि आम्ही दोघंही खूप हसलो. लग्न ठरलेलं असताना त्याच्याशी इतकं छान बोलणं कधी झालेलं मला आठवत नाही.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात प्लायवूडचा पुरुषभर उंचीचा गोबऱ्या उभा होता. डोळे तिरळेच, पट्टी पंखालाच, पण बाण धनुष्याला लावलेला नव्हता. तो एका हातात धरला होता, आणि तोंडाजवळच्या बोलण्याच्या फुग्यात लिहिलं होतं, "लावू का?" नवरानवरी दारात थांबली, नवरी म्हणाली, "लाव," आणि अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. बँडनं ताल धरला आणि पहिलं कोण नाचलं असेल तर माझी मम्मी.

त्यानंतरचा गोबऱ्या सगळा असा होता. बाण मारायच्या आधी विचारायचा, आणि विचारायला गेला की नवा घोटाळा. एकीला विचारतो तर ती त्यालाच पगार विचारते. एक म्हणतो, आईला विचारून सांगतो. आई म्हणते, वडलांना विचारते. आणि गोबऱ्या जिन्यात झोपून जातो. हसणं दुप्पट झालं. आणखी सहा वर्षं ही चित्रं आली. शेवटी शेवटी बाबांचेच डोळे अधू झाले. ब्रश धरला की रेघ हसण्याशिवायही हलायची. मग ते सांगायचे आणि मी रंगवायची, आणि माझा गोबऱ्या सरळ बघतो म्हणून ते माझ्यावर चिडायचे. मागच्या वर्षी ईस्टर झाल्यावर ते गेले. त्यांना न्यायला गावाबरोबर पाचूबंदरचे लोकही आले होते. हिराबाय इतकी रडली, की कुणी अनोळखी माणसानं तिलाच त्यांच्या घरची समजून खुर्ची दिली.

फळा आता रिकामा आहे आणि मी तो भरायच्या भानगडीत पडत नाही. विनोद सुचायला लागतो आणि मला तो सुचत नाही. माझं पुढं काय झालं, असं विचारणाऱ्यांना सांगते की मी मजेत आहे, शाळेत आहे. मात्र एक झालं. गावात एखादीचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं, की कधी कधी ती संध्याकाळी माझ्याकडे येते. मी चहा टाकते आणि बाबांनी मला विचारलं होतं तेच विचारते. मागच्या महिन्यात एक अशीच आली, बँकेत नोकरी करणारी, चुणचुणीत. दोन तास बसली, होणाऱ्या नवऱ्याच्या सगळ्या खोडी सांगितल्या, त्याच्या घोरण्यापासून त्याच्या आत्यापर्यंत. शेवटी मी विचारलं, "मग? हवा का नको?" ती लगेच म्हणाली, "हवा. अगदी हवा, टीचर." मला काही कळेना. मी म्हटलं, "मग इथं कशाला आलीस?"

चपला घालता घालता ती म्हणाली, "नाही म्हणता येतं का, ते बघायला आले होते."